इंपॉर्टंट (महत्त्वदर्शक विशेषण)

इंपॉर्टंट : महत्त्वाचा, मोलाचा, दखल घ्यावी असा, या अर्थांचे इंग्रजी विशेषण. मूळ लॅटिन धातू ‘इम्पोर्तारे’, म्हणजे आत वाहून आणणे. मालाची ‘इंपोर्ट’, म्हणजे आयात, याच धातूवरून आली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘परिणाम घडवणे, वजन असणे’ असा अर्थ त्याला चिकटला आणि १५व्या शतकात हे विशेषण इंग्रजीत रुजले. सुताचे गठ्ठे उतरवून घेणाऱ्या सोलापूरकराला आयात आणि वजन यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मराठीतही वजनदार माणूस तराजूत घालावा लागत नाहीच.

इंग्रजीत आघात दुसऱ्या अवयवावर, ‘पॉ’वर येतो; मराठी बोलण्यात तो सपाट होतो आणि घाईत शेवटचा ‘ट’ही गळतो. तर-तमभाव ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून होतो. पुढे ‘टु’ आले तर एखाद्याला ती गोष्ट मोलाची वाटते, ‘फॉर’ आले तर ती त्याच्या हिताची असते. आजीची जुनी चादर नातवाला ‘टु’ने इंपॉर्टंट, वेळेवरचे जेवण ‘फॉर’ने. मराठीत दोन्हीकडे ‘साठी’ वापरून हा भेद पुसला जातो. तातडीचे आणि महत्त्वाचे यांची गल्लतही नेहमीची : फोन तातडीचा असेल, महत्त्वाचा असेलच असे नाही.

मराठीत हा शब्द अविकारी राहतो : इंपॉर्टंट माणूस, इंपॉर्टंट फाइल, इंपॉर्टंट काम. ‘महत्त्वाचा’ मात्र ‘महत्त्व’ या नामाचे षष्ठीचे रूप असल्याने लिंग-वचनाप्रमाणे बदलतो : महत्त्वाची फाइल, महत्त्वाच्या फायली. ‘महत्’ला ‘त्व’ जोडून हे नाम झाले, म्हणून त्यात दोन ‘त’. पाट्यांवर त्यातला एक बहुधा गायब असतो.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे या अर्थाचे शब्दही रेलचेलीने आहेत. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘मुख्यम्’, कन्नड घरांत ‘मुख्य’. दोन्ही संस्कृत ‘मुख’वरून, म्हणजे जे तोंडाशी, सगळ्यांच्या पुढे, ते. उर्दूत अरबीतून आलेला ‘अहम’ आहे. मराठी कानाला तो ‘अहं’सारखा ऐकू येतो, आणि महत्त्वाच्या माणसांच्या बाबतीत ही चूक फारशी चूकही ठरत नाही. या सगळ्यांना पुरून उरतो तो ‘मेन’. ‘मेन काय हाय, सूत वेळेवर आलं पायजे बघ.’ इथे ‘इंपॉर्टंट’ घातला तर वाक्य एकदम कचेरीत जाऊन बसते.

‘इंपॉर्टंट’ची खरी सत्ता परीक्षेच्या हंगामात. तिथे त्याचे ‘आयएमपी’ होते आणि विशेषणाचे नाम बनते. ‘सर, आयएमपी सांगा की!’ ही विनवणी वर्गात ठरलेली. जुन्या गाईडच्या समासात पेन्सिलीची चांदणी असली की प्रश्न आयएमपी, दोन असल्या की व्हेरी आयएमपी. पुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाती गेले की तो आपल्या चांदण्यांची भर घालतो आणि अखेर बिनचांदणीचा प्रश्नच शोधावा लागतो. याच शब्दाच्या जोरावर ‘व्हीआयपी’ही मराठीत विशेषण झाले, ‘व्हीआयपी दर्शन’ म्हटल्यावर जिल्ह्यातल्याच पंढरपूरच्या वारकऱ्याला फोड करून सांगावी लागत नाही.

भाषांतरात एक खोड दिसते : ‘हे महत्त्वाचे आहे की तुम्ही यावे.’ असे मराठी कोणी बोलत नाही. इंग्रजीला जिथे अख्खे विशेषण लागते तिथे मराठीचे काम एका ‘च’ने भागते : ‘तुम्ही यायलाच पाहिजे.’ हा ‘च’ दखनीनेही मराठीकडून उचलला आहे. ‘वोइच मेन है’ म्हणणाऱ्याच्या तोंडी दखनी, मराठी आणि इंग्रजी तिघी एका दमात येतात.