तरंगणारं हत्यार की मुठीतलं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत ‘स्पिरिच्युअल वेपन’ आणि ‘शॅडो ब्लेड’ हे दोन्ही दुसऱ्या पातळीचे स्पेल, म्हणजे मंत्र. दोन्ही बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य कृतीखेरीजच्या जादा छोट्या कृतीत) टाकायचे, दोन्हींची मुदत एक मिनिट, आणि दोन्हींत हत्यार हवेतूनच येतं. फोंड्यातल्या आमच्या टेबलावर नवा कुणी आला की विचारतोच, ‘दोन्ही तेच ना रे?’

तेच नव्हे. पहिलं हत्यार कुणाच्याच हातात नसतं, दुसरं तुमच्या स्वतःच्या हातात असतं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

स्पिरिच्युअल वेपन क्लेरिकचा, म्हणजे देवतेच्या बळावर स्पेल टाकणाऱ्या पुजाऱ्याचा. ६० फुटांच्या आत हत्यार उभं राहतं आणि लगेच पहिला वार करतं. पुढच्या प्रत्येक टर्नला बोनस अ‍ॅक्शन देऊन ते २० फूट सरकवायचं नि पुन्हा मारायचं. मुख्य अ‍ॅक्शन मोकळी राहते, म्हणजे हे हत्यार वार करत असताना क्लेरिक जखमींकडे धावू शकतो. अटॅक स्पेलचा असल्यामुळे हाताची ताकद बघायची नाही. डॅमेज, म्हणजे इजा, १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक विझडम या गुणाचा मॉडिफायर (त्या गुणातून मिळणारी भर), तोही फोर्स या प्रकारचा, जो रोखणारे राक्षस फार थोडे. रूप देवतेप्रमाणे ठरतं. आमच्यातल्या एकाचा क्लेरिक गोव्यातल्या लोलयेच्या वेताळाचा भक्त, त्यामुळे त्याचं खड्गच हवेत फिरतं. (रात्री फिरून वेताळाच्या चपला झिजतात अशी श्रद्धा, पण या स्पेलला मटेरियल, म्हणजे कुठलीही वस्तू, लागत नाही, तेव्हा चपलांचा हट्ट मी धरला नाही.)

शॅडो ब्लेड विझार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या जादूगारांचा, २०१७ च्या पुरवणीतला. डॅमेज २डी८ सायकिक, म्हणजे मनावर बसणारं. आकडा मोठा दिसतो आणि फसगत इथेच होते. ही खरी तलवार धरावी तशीच धरायची असते, म्हणून मारायला अ‍ॅक्शन जाते आणि नेम स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीवर (चपळाई) ठरतो. काडीपैलवान विझार्डाने ती घेऊन ओगरासारख्या धिप्पाड राक्षसासमोर उभं राहावं असं मला तरी वाटत नाही. पण एक्स्ट्रा अटॅक (एकाच कृतीत जादा वार) असलेल्याच्या हाती ती गेली की प्रत्येक वाराला २डी८. समोरचा मंद उजेडात किंवा काळोखात असेल तर अ‍ॅडव्हान्टेजही (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). पावसात वीज गेली म्हणून कुणी अ‍ॅडव्हान्टेज मागतं. काळोख खेळातला हवा, आमच्या खोलीतला नाही. लोखंडी गोलेमासारख्या जादूने चालणाऱ्या पुतळ्यांना मात्र सायकिकचा काही फरक पडत नाही.

आता कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एका वेळी एकाच स्पेलवर धरता येणारं लक्ष. शॅडो ब्लेडला ते पहिल्यापासून लागतं: मार बसला आणि सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, फसला की पातं गेलं. स्पिरिच्युअल वेपनला २०१४ च्या नियमांत ते लागत नसे, म्हणून क्लेरिक ‘स्पिरिट गार्डियन्स’ (भोवती आत्मे फिरवणारा, कॉन्सन्ट्रेशन लागणारा स्पेल) सोबत चालवून भोवतीची गर्दी साफ करायचे. २०२४ च्या नियमांनी स्पिरिच्युअल वेपनलाही कॉन्सन्ट्रेशन लावलं आणि ती जोडी मोडली. बदल्यात स्पेल वरच्या पातळीच्या स्लॉटमधून (स्पेल टाकायची ठरावीक संधी) टाकला तर प्रत्येक पातळीमागे १डी८ वाढतो, पूर्वी दोन पातळ्यांमागे एक वाढायचा. मला हा सौदा महागच वाटतो. साथीदारांचे फासे सुधारणारा, कॉन्सन्ट्रेशनचाच ‘ब्लेस’ सोडून एक तरंगतं खड्ग कोण घेईल? तेव्हा क्लेरिक करणार असाल तर टेबलावर कुठल्या सालचे नियम चालतात ते डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आधी विचारा.