गोल कातलेला वाडगा लंबगोल का होतो?

ओल्या लाकडाचा वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, अगदी गोल कातला आणि कपाटावर ठेवून दिला, तर महिन्या-दोन महिन्यांत त्याची गोलाई जाते. काठ दोन बाजूंनी आत येतो, बूड डुगडुगायला लागतं, कधी काठापासून बुडापर्यंत भेग पडते. कातणाऱ्याचा हात कितीही पक्का असला तरी हे होतं. लेथला सगळ्या दिशा सारख्या, लाकडाला मात्र नाहीत. घरच्या घरी शोभेचे वाडगे कातणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ इथेच आहे.

झाडाच्या खोडातल्या बहुतेक पेशी उभ्या, लांबट आणि पोकळ असतात. त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांतले बरेचसे खोडाच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात. ओल्या लाकडात पाणी दोन जागी सापडतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं असतं, तर काही भिंतीत, तंतूंच्या मधल्या जागेत धरून ठेवलेलं असतं. लाकूड वाळू लागलं की आधी मोकळं पाणी जातं. तेव्हा वजन झपाट्याने घटतं, पण आकार बदलत नाही. पाण्याचं वजन पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर आलं की भिंतीतलं पाणी निघू लागतं. मधलं पाणी गेल्यामुळे तंतू एकमेकांजवळ सरकतात आणि इथून लाकूड आकसायला लागतं.

तंतू लांबीला समांतर असल्यामुळे ते जवळ आले की लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. लांबीतली घट ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे नगण्य. गाभ्याकडून सालीच्या दिशेने ती साधारण ४ टक्के असते आणि वार्षिक वलयांच्या वळणाने, म्हणजे परिघाच्या दिशेने, साधारण ८ टक्के. सागात हे आकडे कमी आहेत, २.५ आणि ५.८ टक्के. दारं-खिडक्यांसाठी सागाला एवढा मान मिळाला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींचे पट्टे असतात, ते त्या दिशेच्या आकसण्याला आवर घालतात. दोन आकड्यांमधल्या तफावतीचं हे एक महत्त्वाचं कारण.

या तफावतीमुळे अख्खा ओंडका फुटल्याशिवाय वाळणं अवघड असतं. २० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर. पूर्ण वाळेपर्यंत परीघ ८ टक्क्यांनी आकसू पाहतो, त्रिज्या मात्र ४ टक्क्यांनीच. तेवढ्या त्रिज्येला पुरेल इतका परीघ उरत नाही. सुमारे अडीच सेंटिमीटर कमी पडतो आणि ती तूट सालीपासून गाभ्याकडे जाणाऱ्या भेगांनी भरून निघते. म्हणून वाडग्यासाठी ओंडका आधी उभा चिरतात आणि मधला गाभा काढून टाकतात. वखारीतून किंवा छाटलेल्या आंब्या-फणसाच्या फांदीतून लाकूड मिळालं, तर घरी आणल्याबरोबर हे उरकून दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा. तंतूंची तोंडं टोकांना उघडी असतात, त्यामुळे पाणी तिथून कितीतरी वेगाने उडतं. टोकं आधी आकसतात, मधला भाग तसाच राहतो आणि लाकूड फुटतं.

अशा अर्ध्या ओंडक्यातून वाडगा कातला की तंतू त्याच्या काठाला समांतर, आडवे पसरलेले असतात. समजा व्यास ३० सेंटिमीटर आहे. तंतूंच्या दिशेने तो वाळल्यावरही ३० सेंटिमीटरच राहतो. आडव्या दिशेला ८ टक्क्यांचा हिशेब लागू होत असेल, तर ३० वरून १२ टक्के ओलाव्यापर्यंत येताना त्या आकसण्यातला सुमारे तीन पंचमांश भाग होऊन जातो. आडवा व्यास मग साधारण साडेअठ्ठावीस सेंटिमीटर भरतो. सागाचा वाडगा एकच सेंटिमीटर आत येईल.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाडगा दोनदा कातणं. पहिल्यांदा ओल्या लाकडाचा जाडजूड वाडगा काढायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवून. ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला ३ सेंटिमीटर भिंत. पुढे तो लंबगोल झाला तरी प्रत्येक बाजूला सुमारे पाऊण सेंटिमीटरच आत येतो, म्हणून त्या जाड भिंतीतून पूर्ण गोल, पातळ वाडगा पुन्हा निघू शकतो. मधल्या काळात तो कागदी पिशवीत, वाऱ्यापासून दूर ठेवायचा, म्हणजे पाणी सावकाश उडतं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वाडग्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवावं. काही आठवडे वजन हललं नाही की लाकूड भोवतीच्या हवेशी जुळलं असं समजायचं. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. भिंतीतून पाणी निघून जाणं डोळ्यांना दिसत नाही, ते आकड्यांतून दिसतं.

सगळेच कारागीर दोनदा कातत नसत. इंग्लंडमधल्या बकलबरी गावचे जॉर्ज लेली १९५८ साली वारले. लवचीक दांड्याच्या ताणावर चालणाऱ्या पायलेथवर ते एल्म नावाच्या तिकडच्या झाडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते लाकूड सहजी फुटत नाही. त्यांचा लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहेत.

कातताना पटाशी कोणत्या दिशेने न्यायची, हेही तंतूच ठरवतात. आडवे तंतू असलेला वाडगा फिरताना प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची कूस लागते आणि दोनदा त्यांची टोकं. केरसुणीचे हीर कात्रीने छाटताना टोकाचा हीर मागच्या हिरांवर रेलला तर नीट कापला जातो, मोकळा सुटला तर नुसता वाकतो; लाकडाचे तंतू हत्याराखाली असेच वागतात. म्हणून वाडग्याची बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे कातायची, कारण मग कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या लांब तंतूंचा आधार असतो. आतल्या बाजूला त्याच कारणाने उलट, काठाकडून मध्याकडे. दिशा चुकली की समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत लाकूड उपटल्यासारखं खरबरीत होतं आणि पॉलिश पेपर कितीही घासला तरी ते व्रण सहज जात नाहीत. धारदार पटाशीने योग्य दिशेने काढलेला शेवटचा पातळ हात तासाभराच्या घासण्यापेक्षा जास्त काम करतो.

वेगाचा हिशेब कातायला बसण्याआधीच करायला हवा. ३० सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ सेकंदाला जवळजवळ १६ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर वेगाने जात असतो. तेवढ्याच फेऱ्यांना १० सेंटिमीटरच्या वाटीचा काठ ताशी १९ किलोमीटरच गाठतो. ओबडधोबड ठोकळ्यात एका बाजूला मध्यापासून १४ सेंटिमीटरवर नुसते ५० ग्रॅम लाकूड जास्त असलं, तरी १००० फेऱ्यांना ते जवळजवळ ८ किलो वजनाइतक्या जोराने ठोकळ्याला बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला सतरा वेळा सगळीकडे फिरते. लेथ थरथरतो तो यामुळे. फेरे निम्मे केले की हा जोर चौथ्या भागावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाशी जोडलेला आहे. मोठा ठोकळा नेहमी कमी वेगाने सुरू करावा, आधी हाताने एक फेरा देऊन पाहावा, काठाच्या रेषेत उभं राहू नये आणि पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावावी. बारीक लाकडी धूळ हाही खरा धोका आहे. ती कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. साग आणि शिसवीची धूळ काहींच्या त्वचेला खाज आणते. चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारं यंत्र यांवर पैसे खर्च करावेत, नक्षीच्या हत्यारांवर नंतर.

वाळलेलं लाकूडही हवेशी पाण्याची देवघेव करतच राहतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ६५ टक्क्यांना १२ वर आणि ९० टक्क्यांना साधारण २० वर. कोकणात पावसाळ्यात दारं फुगून अडकतात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तीच सैल होतात, ती याच नियमाने. रत्नागिरीत श्रावणात घट्ट बसवलेलं सागाचं १० सेंटिमीटरचं झाकण नागपूरच्या मे महिन्यात आडव्या दिशेने दोन मिलिमीटरपर्यंत आकसू शकतं. म्हणून झाकणाच्या डब्या करणाऱ्याने सांध्यात थोडी फट ठेवावी. उघड्या वाडग्याला तेवढी चिंता नाही.

वरचा लेप ही देवघेव मंदावतो, थांबवत नाही. कर्नाटकातल्या चन्नपटणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झळाळी आणतात. आपल्याकडे सावंतवाडीतही लाखकामाची जुनी परंपरा आहे. पाण्याची वाफ अडवण्यात लाख तेलापेक्षा सरस ठरते, पण लाकडाचा मूळ रंग आणि रेषा दाखवायच्या असतील तर तेलच हवं, आणि त्यातही जवसाचं. त्यातल्या लिनोलेनिक आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांना एकमेकांशी जोडतो आणि तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल असं जोडलं जात नाही. ते ओलसरच राहतं आणि पुढे खवट वास येतो.

हे जोडलं जाणं उष्णता सोडतं. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत, आणि नंतरच टाकावीत.