तात्पुरता लोखंडी पूल मागवताय? माप जुन्या पुलावरून घेऊ नका

(कंत्राटदार आणि नगरपालिका-महापालिकांच्या अभियंत्यांसाठी)

जुना पूल पाडून नवा बांधायचा आणि तोवर शहरातली वाहतूक शेजारच्या बेली पुलावरून (लोखंडी पॅनल पिनांनी जोडून उभा केलेला तात्पुरता पूल) न्यायची, अशा कामांचे फोन दिवाळी उरकली की सुरू होतात. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "60 फुटांचा पूल हवाय, भाडं सांगा." भाडं सांगतोच, पण त्याआधी आम्ही विचारतो, हे 60 फूट मोजले कुठून? तुमचे आणि आमचे सगळ्यात जास्त दिवस या एकाच मापापायी वाया जातात.

हे माप जुन्या पुलाच्या कठड्यावर टेप टाकून घेतलेलं असतं. तात्पुरता पूल मात्र बाजूला बसतो. तिथे दगडी भिंत नसते, नाल्याचा उतरता काठ असतो, म्हणजे अंतर तिथेच वाढतं. त्यात नवा पूल जुन्यापेक्षा रुंद, आणि त्याच्या ॲबटमेंटसाठी (टोकाच्या आधारभिंतीसाठी) खणलेला खड्डा त्याहून रुंद. या खड्ड्याच्या कडेला आमचा टेकू आला तर पहिल्याच वळिवात खालची माती सुटेल. म्हणून दोन्हीकडे मागे सरावं लागतं. समजा 12-12 फूट सरलो, तर 60 चे 84 झाले.

आणि 84 फुटांचा बेली पूल होत नाही. पॅनल 10 फुटांचं असतं. डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धात ही रचना केली ती सहा जणांना उचलता येईल अशा बेताने. एक पॅनल साधारण 260 किलोचं. ते कापून आखूड करता येत नाही, कारण पिनांची भोकं दोन्ही टोकांना असतात आणि सगळा भार त्या पिनांवर. म्हणजे पूल 90 फुटांचा. त्यातही नुसती तीन-तीन पॅनल वाढवून भागत नाही. 60 फुटांना पुरणाऱ्या ट्रसच्या (पॅनल जोडून होणाऱ्या बाजूच्या चौकटींच्या) रांगा 90 फुटांना कमी पडतात, शेजारी आणखी एक रांग उभी करावी लागते. पूल रोलरवरून पलीकडे ढकलताना पुढे जोडायचं नाक (पूल पलीकडे टेकेपर्यंत तोल सांभाळणारा हलका सांगाडा) लांबतं, मागे सरळ सपाट जागाही जास्त लागते. भाडं वाढतं ते यामुळे, दर बदलून नव्हे.

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री 11 वाजता दोन ट्रेलर साइटवर पोचले. आमच्या फिटरने सुतळी ताणली, तर पलीकडची खुंटी पोकलेनने खणलेल्या खड्ड्याच्या बरोबर मधोमध आली. जास्तीची पॅनल आणि ट्रान्सम (रस्त्याखालच्या आडव्या तुळया) येऊन पूल उभा राहीपर्यंत 6 दिवस गेले. तेवढे दिवस शाळेच्या बस लांबच्या रस्त्याने फिरल्या आणि लोकांनी शिव्या दिल्या त्या साइट इंजिनिअरला.

तेव्हापासून जागा स्वतः पाहिल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. भेटीचे पैसे लावतो याबद्दल काही जण नाराज होतात. काम ठरलं तर ती रक्कम बिलातून वजा होते. भेटीआधी नव्या पुलाचं ड्रॉइंग आणि खोदाईची रेषा तयार ठेवा. शक्य असेल तर जमिनीवर चुना मारून ठेवा. चुना मारलेल्या जागेवर आमचं काम तासाभरात होतं.

आणखी एक प्रश्न हल्ली हमखास येतो : वायनाडला लष्कराने दोन दिवसांत पूल टाकला, तुम्हाला आठवडा कशाला? 30 जुलै 2024 ला दरड कोसळली आणि 1 ऑगस्टला चूरलमलाचा 190 फुटी, 24 टन भार पेलणारा पूल उभा होता. त्या तुकडीत आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या मेजर सीता शेळके होत्या, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण ते जवान रात्रंदिवस राबत होते. शहरात आपल्याला बहुतेक वेळा रात्रीचीच परवानगी मिळते. वर महावितरणच्या तारा, खाली पाण्याची लाइन. आमचा आठवडा त्यात जातो. नुसत्या जोडणीला एवढा वेळ लागत नाही.

टनांबद्दल थोडक्यात. पुलावरून रोज काय जाणार ते खरं सांगा. भरलेला दहाचाकी टिपर 28 टनांच्या घरात जातो, आणि तो तुमच्याच साइटवर येणार असतो. साध्या संचात गाडीरस्ता सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे एकच लेन. दोन्ही टोकांना माणूस किंवा सिग्नल लागतोच. रुंद संचही आमच्याकडे आहे, मात्र तो आधी सांगून ठेवावा लागतो.

वाहतूक सुरू झाल्यावर पहिले काही दिवस पिना आपापल्या जागी बसतात, पूल मधोमध किंचित खाली येतो. तो घाबरण्याचा प्रकार नाही. पिनेची क्लिप गळालेली दिसली तर मात्र लगेच वाहतूक थांबवा आणि फोन करा, रात्र असली तरी. पहिल्या महिन्यात आमचा माणूस दर आठवड्याला येऊन प्रत्येक पिन हाताने तपासतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.