पीजी झालं की थेट ‘प्रोफायलर’?

‘क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजीत पीजी करा, पोलिसांत थेट प्रोफायलर व्हा’ हा मेसेज पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. म्हणजे गुन्हेगारी आणि गुन्हेगाराचं मन यांचा अभ्यास करा आणि गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधणारे तज्ज्ञ व्हा. गुन्हेगारी मालिका पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण पोलिसांत अधिकारी म्हणून थेट शिरायचं, म्हणजे फौजदार (पीएसआय) व्हायचं, तर स्पर्धा परीक्षा आणि मैदानी चाचणी द्यावीच लागते. पात्रता कुठल्याही शाखेची पदवी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बीकॉमवाला आणि एमएवाली शेजारी बसतात, ते त्यामुळेच. खात्री करायचीय? फौजदार भरतीची कुठलीही जुनी जाहिरात काढून ‘शैक्षणिक अर्हता’ वाचा. गुन्ह्यातले पुरावे तपासणाऱ्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेतल्या पदांना मात्र विषय नेमून दिलेला असतो, तिथे पदवीचं नाव जुळवून पाहा. या शिक्षणाचा खरा उपयोग कैद्यांचं समुपदेशन, विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन) मुलांसोबतचं काम, संशोधन अशा ठिकाणी होतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, पाटी लावायला मात्र वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.