कट-ऑफ वेगळा, पासिंग एकच

‘आरक्षणातून आलेला डॉक्टर कमी मार्कांवर पास होतो’, हा मेसेज लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. गोंधळ साहजिक आहे, कारण प्रवेशाचा कट-ऑफ खरंच वेगळा असतो. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पात्रता एरवी खुल्या वर्गाला 50 पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसींना 40 (पर्सेंटाइल म्हणजे मार्कांचे टक्के नव्हेत बरं का, किती परीक्षार्थी मागे आहेत त्याचं प्रमाण). पण ही सवलत दारापाशीच संपते. पुढची साडेचार वर्षं पेपर तोच, वॉर्ड तोच, पासिंगची रेघ तीच. मग वर्षभर इंटर्नशिप, तीही सगळ्यांना.

खात्री करायचीय? एमबीबीएसचे परीक्षानियम ऑनलाइन आहेत. पासिंगच्या कलमात जातीचा रकाना शोधून बघा, सापडणार नाही.

उलट तांड्यावरची आजी ओपीडीत बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत दुखणं सांगू लागली, की तांड्यावरूनच शिकायला आलेल्या पोराला दुभाषा लागत नाही.