गोव्याच्या राज्य सरीसृपासाठी प्रस्ताव : अर्ज, कागदपत्रे आणि फाईलचा प्रवास

गवा हा गोव्याचा राज्य प्राणी, पिवळा बुलबुल हा राज्य पक्षी आणि शेवटो हा राज्य मासा. सरपटणाऱ्या प्राण्यांची जागा रिकामी आहे. कुंभारजुवे कालव्यातली मगर, म्हणजे आपले मानगे, तिथे बसावे असे अनेकांना वाटते. हा प्रस्ताव सरकारदरबारी कसा न्यायचा, ते इथे सांगितले आहे. बेडूक सुचवायचा असला तरी वाट हीच. मासा असेल तर मात्र फाईल मत्स्योद्योग खात्याकडे जाते.

यासाठी छापील अर्ज नाही, शुल्क नाही आणि राज्य प्रतीके ठरवणारा वेगळा कायदाही नाही. सरकार आपल्या प्रशासकीय अधिकारात निर्णय घेते. त्यामुळे कोणीही नागरिक, संस्था किंवा पंचायत प्रस्ताव देऊ शकते. मात्र निर्णय अमुक दिवसांत द्यायला सरकार बांधील नाही. म्हणून कारकुनाला एकही प्रश्न परत विचारावा लागणार नाही, इतके कागद आधीच पुरे करा.

पात्रतेचे लेखी निकष नाहीत, तरी काही प्रश्न हमखास येतात. प्राणी मूळचा इथला आहे का? वर्षभर दिसतो का? सामान्य माणूस ओळखतो का? तो दुसऱ्या राज्याचे प्रतीक असला तरी अडत नाही. गवा बिहारचाही राज्य प्राणी आहे. मगरीची बाजू इथे भक्कम आहे. मांडवी आणि जुवारी या नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या खाऱ्या पाण्यात तिचे राहणे वेगळेच आहे, कारण ही जात मुख्यतः गोड्या पाण्यातली. शिवाय बोरी-दुर्भाट भागातले लोक पौष महिन्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीच्या, काठी चिखलाचे मानगे करून पुजतात. ही मानगेथापणी अर्जात सविस्तर लिहा. प्राण्याशी लोकांचे नाते दाखवणारा याहून बळकट पुरावा मिळणार नाही.

कागदपत्रे

मुख्य पत्र दोन पानांचे पुरे. सोबत प्राण्याचे टिपण जोडा: शास्त्रीय नाव (क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस), मराठी आणि कोकणी नावे, आढळाचा नकाशा, वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मधली अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांची यादी. मगर पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या बदलल्या, तेव्हा जुनी यादी उतरवू नका. नावात तर सर्वाधिक घोळ होतो. राज्य पक्ष्याचेच पाहा: तो पूर्वी दुसऱ्या बुलबुलाची उपजात मानला जाई, आज स्वतंत्र जात आहे, तरी अनेक याद्यांत जुने नाव तसेच फिरते. विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या जाणकाराकडून टिपण तपासून घ्या आणि त्यांचे पत्र जोडा.

छायाचित्रांना छायाचित्रकाराची लेखी संमती हवी. अभयारण्यात जाऊन ती काढायची असतील तर आधी परवाना घ्यावा लागतो. घरट्यांच्या नेमक्या जागा अर्जात देऊ नका. फाईल माहिती अधिकारात कोणाच्याही हाती पडू शकते.

ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नाही, पण त्याने वजन येते. विषय सभेची नोटीस निघण्याआधी पंचायत सचिवाकडे लेखी द्या आणि नंतर ठरावाची प्रमाणित प्रत घ्या. कालव्यात जाळी टाकणाऱ्यांना आणि खाजन शेतकऱ्यांना त्याआधी भेटा. मगरीची भीती त्यांना रोज वाटते, आणि त्यांचा विरोध पुढे कळला तर प्रस्ताव तिथेच अडतो.

फाईल कशी सरकते

अर्ज पणजीत आल्तिनोवरच्या वन भवनात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे द्या. एक प्रत साळगावच्या राज्य जैवविविधता मंडळाला द्या. देवनागरी कोकणीबरोबर मराठीतही लिहिता येते. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खात्याचा शेरा झाला की विषय राज्य वन्यजीव मंडळापुढे नेता येतो. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष आणि मुख्य वन्यजीव रक्षक सदस्य सचिव असतात. कायद्याप्रमाणे मंडळाच्या वर्षातून किमान दोन बैठका होतात. त्यामुळे एक बैठक हुकली की पुढचे काही महिने गेले. दुसरी वाट विधानसभेची: आमदार शुक्रवारी खासगी ठराव मांडू शकतात. त्याने सरकार बांधले जात नाही, पण मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते.

त्याच अर्जात पुतळा, उद्यान किंवा महोत्सव मागू नका. खर्चाची बाब आली की फाईल वित्त खात्याकडे वळते. मागणी करायचीच तर कालव्याकाठच्या अधिवासाची नोंद पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवांची आणि अधिवासांची नोंद ठेवणाऱ्या वहीत) व्हावी, ही करा. ती महत्त्वाची आहे, कारण नुसत्या मानाने संरक्षण मिळत नाही. माडाला २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळले होते. २०१७ मध्ये तो परत आला आणि राज्य वृक्षही ठरला. तोडीला परवानगी लागते ती कायद्यातल्या व्याख्येमुळे, किताबामुळे नव्हे.

काहीच कळेना तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून आवक क्रमांकासह फाईलवरच्या शेऱ्यांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अधिसूचना निघालीच तर राजपत्रातले शास्त्रीय नाव अक्षर अक्षर तपासा आणि चूक दिसल्यास त्याच आठवड्यात शुद्धिपत्रासाठी लेखी कळवा.