येताना जास्त देते!

जुलैतल्या एका रविवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. नुकताच पुण्याहून सोलापुरात शिरला होता. "मामा, फिल्टरनं काम केलंय बघा. जाताना लिटरला १२.१ दिली, येताना १३.६!"

त्याची गाडी म्हणजे दोन दारांची, मागं उतरत गेलेल्या छपराची सेकंड हँड कूपे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोनशेच्या वर अश्वशक्ती. आसरा चौकात सिग्नलला थांबली की रिक्षावालेही आधी "केवढ्याची?" आणि मग "किती देते?" विचारतात. पुण्यातल्या एका दुकानात त्यानं मूळ एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर आणि चकचकीत पाइप बसवून घेतला होता. दुकानदार म्हणाला होता, ॲव्हरेज दहा टक्क्यांनी वाढेल. वाढलं होतं बारा टक्क्यांच्या वर. पावत्या त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या.

मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवली, त्यामुळं असल्या पावत्या आल्या की मला झोप लागत नाही.

पहिला संशय चढावर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, सोलापूर ४५८. म्हणजे येताना शंभर मीटर उतार. चौदाशे किलोची गाडी शंभर मीटर वर चढवायला जवळजवळ १.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात, पण त्यातला चौथा-पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सर घेऊन जातात. हिशोब केला तर जाताना एक फुलपात्रभर पेट्रोल जास्त आणि येताना तेवढंच कमी. फरक पडायला हवा चारशे मिलीचा, पडला होता सव्वादोन लिटरचा.

दुसरा संशय वाऱ्यावर, आणि चोर तिथं सापडला. जुलैत आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. टेंभुर्णी ओलांडली की उजनीच्या बाजूनं तो असा भिडतो की रस्त्याकडेच्या बाभळी एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात. पुण्याला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि इथला वेग म्हणजे स्पीडोमीटरवरचा नव्हे, हवेच्या तुलनेतला. ताशी ९० नं निघालेल्या या गाडीला हवा अंदाजे २२५ न्यूटननं अडवते आणि टायरचं घर्षण १६५ न्यूटननं. ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून आला की हवेचा वाटा २८० वर जातो, पाठीमागून आला की १८० च्या आत येतो. एकूण जोर ४४५ विरुद्ध ३४५ न्यूटन. फरक जवळजवळ तीस टक्के, आणि तोही दोरीवरची चादर जेमतेम फडफडवणाऱ्या वाऱ्यानं. टाकीत हा फरक एवढाच्या एवढा उतरत नाही, कारण इंजिनाला स्वतःचं घर्षणही ओढायचं असतं आणि गावागावात थांबणं होतंच. पण बारा टक्क्यांसाठी तो भरपूर झाला.

मग फिल्टरनं काय केलं? यातली गंमत कळायला आधी एक आकडा बघा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ९० नं जायला या गाडीला चाकापाशी लागते जेमतेम १३ अश्वशक्ती. १२५ सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन साधारण एवढी ताकद देतं. म्हणजे सावळेश्वरच्या टोलनाक्यावरून पुढं निघालेली ही देखणी गाडी आपल्या ताकदीचा सोळावा-सतरावा हिस्साच वापरत असते. उरलेली ताकद अडवून धरायचं काम थ्रॉटल करतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेली ही गोल झडप अशा वेळी जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन तिच्या फटीतून हवा ओढत असतं.

आता घरातला नळ डोळ्यांपुढं आणा. चावी पाव फिरवून बारीक धार सोडली आहे आणि तुम्ही गच्चीवरच्या टाकीपासून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा काढून एक इंची घातला. धार वाढेल? थोडी वाढलीच तर तुम्ही चावी आणखी आवळाल, कारण बादलीला तेवढंच पाणी हवं आहे. फिल्टर म्हणजे तो पाइप आणि थ्रॉटल म्हणजे ती चावी. पाइप मोठा केल्याचा फायदा चावी पूर्ण उघडल्यावरच दिसतो. गाडीच्या भाषेत पेडल तळाला टेकवल्यावर.

शिवाय आत आलेली हवा कॉम्प्युटर मोजून घेतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत चुगल्या करत असतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर कमी-जास्त उघडतो. हवा जास्त आली तर पेट्रोलही जास्त पडणार. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या तपासल्या. इंजेक्शनच्या गाड्यांचं ॲव्हरेज जवळपास जागच्या जागी राहिलं, पिकअप मात्र मंदावला. "फिल्टर साफ कर, ॲव्हरेज वाढेल" हा आपल्या वडिलांचा सल्ला कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा मोजून पेट्रोल सोडणारा कॉम्प्युटर नव्हता त्या काळातला. तेव्हा तो खराही होता.

त्यातही बाहेरची थंड हवा इंजिनाला देणारा पाइप म्हणजे उलटाच प्रकार. थंड हवा दाट असते, म्हणून पेडल तळाला असताना ताकद वाढते, हे खरं. पण हळू चालवताना दाट हवा आली की थ्रॉटल आणखी मिटावा लागतो आणि फटीतून ओढण्याची मेहनत वाढते. ॲव्हरेजवेडे काही लोक म्हणूनच मुद्दाम बॉनेटखालची गरम हवा इंजिनाला देतात. सोलापूरच्या मे महिन्यात ती सोय फुकट आहे.

हेच एक्झॉस्टचं. मोठ्या नळकांड्यानं वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे जास्त असताना, धूर मोकळा होतो. दोन हजार आरपीएमला धूरच थोडा, अडायचा कुठं? असं नळकांडं लावायचा फायदा म्हणजे आवाज, आणि तो रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांनाही मिळतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकणाऱ्यांबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही.

रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलण्याबद्दल, मात्र सरसकट हात झटकता येत नाही. टर्बो इंजिनात ठिणगीची वेळ आणि टर्बो हवा किती दाबानं कोंबतो ते बदलून ताकद खरोखर वाढते. पण रोजच्या वेगात हवा आणि पेट्रोल पूर्ण जळणाच्या प्रमाणातच ठेवावं लागतं, नाहीतर कन्व्हर्टर नीट काम करत नाही. त्यामुळं तिथं काढण्यासारखं थोडंच उरतं. आणि एक फसगत होते. पडद्यावरचं ॲव्हरेज गाडी टाकीत डोकावून सांगत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून काढते. रिमॅप करताना इंजेक्टरचं गणित बदललं गेलं तर पडदा खोटं बोलू लागतो आणि मालक खुश होतो.

अशीच दुसरी फसगत चाकांची. गाडीला आधी २२५/५० आर १७ टायर होते. गाडी बसकी दिसावी म्हणून दिवाळीत भाच्यानं २४५/३५ आर १८ घालायचं ठरवलं. मी कागदावर व्यास काढून दाखवला: आधीचा ६५७ मिलिमीटर, नवा ६२९. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्यात फेरे जास्त होतात आणि मीटर फेरेच मोजतो. पुण्याचे २५० किलोमीटर मीटरवर २६१ दिसणार. म्हणजे काही न करता साडेचार टक्के ॲव्हरेज वाढलं! प्रत्यक्षात रुंद रबर आणि जड रिम यांनी पेट्रोल उलट जास्तच जातं. संशय असेल त्यानं हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजावेत. दगडांना रिम बदलता येत नाही.

मागं लावायच्या मोठ्या पंखाचं काम गाडी रस्त्यावर दाबून धरण्याचं. हवेकडून तो दाब घ्यायचा म्हणजे हवेला किंमत मोजणं आलं, आणि ती विरोधाच्या रूपात मोजावी लागते. गावातल्या सात रस्ता चौकात ताशी तीसनं जाताना त्याच्यावर कबुतर बसू शकतं, एवढाच उपयोग. इंधनाच्या नळीवर चुंबक, पाण्यातून हायड्रोजन काढणारी बाटली, हे तर मी वर्गातही दोन मिनिटांत संपवायचो. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही, आणि बाटलीला लागणारी वीज त्याच इंजिनानं फिरवलेल्या अल्टरनेटरमधून येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरावर उपकरणं तपासली. लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

कायद्याचंही ऐका. कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी फोटो आधी बघेल.

ॲव्हरेज कमी झाल्याची जी तक्रार सगळीकडं ऐकू येते, तिचं मूळ निम्मं आपल्याच जिल्ह्यातल्या उसात आहे. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघालेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. मिश्रणातली ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन शंभरच्या वर असल्यानं त्यासाठीच बनवलेलं इंजिन यातलं बरंच भरून काढतं. जुनी गाडी ते भरून काढू शकत नाही, आणि कुठला शंकू ती भरपाई करून देत नाही.

भाच्याच्या टायरांत मात्र खरं काहीतरी सापडलं. तो हवा भरायचा दुपारी, पंधरा किलोमीटर पळून आल्यावर, तापलेल्या टायरात ३२ पीएसआय. पहाटे मी गेज लावला तर २७! साठ अंशांची हवा बावीस अंशांवर आली की तेवढी बसणारच. सरासरी एक पीएसआय कमी म्हणजे ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के कमी, पाच पीएसआयला एक टक्का. फार नाही, पण फुकट आहे. डिकीत सब-वूफर आणि त्याची लाकडी पेटी मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो होते. तोही एक टक्काच.

मग आम्ही रीतसर परीक्षा घेतली. तीन रविवार, पहाटे साडेपाच, तोच पंप, तीच नोझल, पहिल्या क्लिकला थांबायचं, कारण नंतर "थोडं अजून" म्हणून लिटरभर सहज जातं आणि पंधरा लिटरच्या हिशोबात लिटर म्हणजे सहा-सात टक्के. टेंभुर्णीपर्यंत जायचं आणि लगेच परत, म्हणजे वारा एकदा तोंडावर, एकदा पाठीवर. पहिल्या रविवारी जुना फिल्टर, दुसऱ्या रविवारी नवा, तिसऱ्या रविवारी पुन्हा जुना. आकडे आले १२.९, १२.८ आणि १३.०. मोहोळजवळ चहा पिताना भाचा बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला.

"पण आवाज भारी येतोय की, मामा," म्हणाला आणि फिल्टर ठेवला. गाडी त्याची, कान त्याचे.

अडचण एवढीच झाली की जुलैतल्या त्या पावत्या बघून त्याच्या मित्रानंही तोच शंकू बसवून घेतला होता. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, हा मित्र कामासाठी पुण्याला जाऊन आला. त्या दिवसांत वारा फिरलेला असतो, हलका, पूर्वेकडून. सोलापुरात पोचल्यावर त्यानं भाच्याला फोन केला: "अरे, माझी जाताना जास्त देतीय आणि येताना कमी. फिल्टर उलटा बसवलाय का काय?"